दुसरा हात दाखव

'शाळेने मला काय दिलं' यावर स्मरणिकेसाठी लिहा, असं निमंत्रणात होतं. आठ दिवस कागद पुढे घेऊन बसलो. शाळेने भरपूर दिलं, पण लिहायला घेतलं की गाडी दरवेळी शास्त्राच्या बाईंपाशीच येऊन थांबते. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. भूमितीच्या सरांनी छडीने शिकवलेली प्रमेयं आजही पाठ आहेत; त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.

आमची दहावी १९८४ची. गोष्ट आठवीतली, जुन्या इमारतीतल्या विहिरीकडच्या प्रयोगशाळेतली. नाशिकची तेव्हाची थंडी. सगळ्यांच्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "बाह्या वर करा." अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट जरासं आत वळवायचं. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी शीर उभी राहिली. शीर नव्हे, कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, बाईंनी लगेच दुरुस्त केलं. "ज्यांना दिसत नाही, त्यांनी उभं राहा."

कोणी उठेना. आपल्याकडे काहीतरी नाही हे सांगायला आठवीत कोण उठतंय? मग बाईच बाकाबाकावरून फिरायला लागल्या. माझ्यापाशी आल्या, तसा मी ऐटीत उजवा हात पुढे केला. दोरी कशी ताठ!

"दुसरा हात?"

डावा पुढे केला. मनगट सपाट. दातओठ खाऊन जोर लावला तरी सपाटच. मागचा बाक खिदळला आणि त्या दिवसापासून मी वर्गाचा 'दीडहात्या' झालो. काही महाभाग अजून त्याच नावाने हाक मारतात. बाईंनी मात्र फळ्यावर उजवा-डावा असे दोन रकाने पाडून डाव्यात माझी रेघ मारली. म्हणाल्या, "पुस्तकातल्या चित्रात आहे म्हणून तुझ्या हातात असलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?" त्या दिवशी धडा काही झाला नाही. घरी आईने मात्र आठ दिवस तिळाचं तेल लावून माझं मनगट चोळलं.

ती कंडरा पामॅरिस लाँगस या कोपराखालच्या स्नायूची. पाश्चात्त्य पुस्तकांत सुमारे १५ टक्के लोकांना ती नसते असं देतात, आशियातल्या लोकांत हे प्रमाण कमी. नसल्याने काही अडत नाही. उलट दुसरी कंडरा तुटली तर जोडकामाला आम्ही हाताचे सर्जन हीच काढून वापरतो. अर्थात, आधी ती आहे का ते बघून!

पुढे पुण्याला मेडिकलला गेलो. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या टेबलावर दंड उघडला. बायसेप्स, दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे नावातच दोन डोकी, म्हणजे उगमाची दोन टोकं. आमच्यासमोर तीन. तिसरं दंडाच्या हाडावरून, कोराकोब्रॅकिआलिस हा शेजारचा स्नायू जिथे चिकटतो तिथून निघून खाली बायसेप्सला मिळत होतं. जोडीदार म्हणाला, "उडवून टाक, मॅन्युअलमध्ये नाही. तोंडी परीक्षेला घोळ होईल." कात्री माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि पलीकडचा दंड उघडेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. तिकडे दोनच डोकी निघाली. हे तिसरं डोकं साधारण दहातल्या एकाला असतं, कुठे कमी कुठे जास्त. ते हौसेखातर बघायचं नसतं. दंडाचं हाड मोडलं की त्याच्या ओढीने तुकडे वेगळ्याच दिशेला सरकू शकतात, शेजारून जाणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, म्हणजे दंडातली एक नस, त्याच्याखाली दाबली जाऊ शकते, आणि माहीत नसलेल्याला एमआरआयमध्ये तिथे गाठ असल्यासारखं वाटतं.

आता स्वतःचं थोडं सांगतो, जुबिलीत तेवढी मुभा असते. गेली पंचवीस वर्षं मी इथेच, नाशकात, हाताची ऑपरेशनं करतो. मध्यंतरी दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार आला. ऑक्टोबरची छाटणी चाललेली आणि उजव्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. कात्री हातातून सुटायची. दुसरीकडे मनगटाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेले, फरक शून्य. कापसाचा बोळा फिरवला तर तळहाताच्या बुडाशीही बधिर. नस मनगटात दाबली असती तर ती जागा शाबूत राहिली असती, कारण तिथली फांदी मनगटाच्या आधीच फुटून वरच्यावर जाते. म्हणजे अडसर वर कुठेतरी. दंडाच्या आतल्या बाजूने चाचपत गेलो. कोपराच्या तीन-चार बोटं वर काहीतरी टोकदार लागलं.

एक्स-रेत हाडाला पोपटाच्या चोचीसारखं टोक, खाली कोपराकडे वळलेलं. शंभरात एखाद्याला हे असतं आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. चोचीपासून कोपराच्या आतल्या उंचवट्यापर्यंत एक पट्टा असतो, एकोणिसाव्या शतकातल्या जॉन स्ट्रुथर्स या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाचा. त्याच्याखालून मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्याकडे जाणारी तीच दाबलेली नस, जाते, बहुतेकदा हाताची मुख्य रोहिणीही. मांजराच्या हाडात तर तिथे चक्क भोक असतं. चोच आणि पट्टा दोन्ही काढले. एप्रिलच्या खरड छाटणीला गडी स्वतः कात्री घेऊन उभा.

महोत्सवाच्या बैठकीला शाळेत गेलो, तेव्हा विहिरीकडे वळलो. प्रयोगशाळेच्या जागी आता डिजिटल वर्ग आहे. काचेचं कपाट आणि बरण्यांतले बेडूक-साप कुठे गेले, कुणालाच सांगता येईना. पडद्यावर हात फिरवला की स्नायू रंगीत होऊन सुटे होतात. बायसेप्सला डोकी दोनच. मुलांच्या बाह्या मात्र खालीच होत्या. मला ते आवडलं नाही, आणि समितीने छापायचं नसेल तर हे वाक्य खुशाल गाळावं.

तिथून पंचवटीत बाईंकडे गेलो. वय नव्वदीकडे झुकलंय, ऐकू कमी येतं, चहा अजून स्वतःच करतात. मोबाइलवर एक्स-रे दाखवला, चोच दाखवली, मांजराचंही सांगितलं. बाईंनी चष्मा वर ढकलून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"दुसरा हात बघितलास?"

नव्हता बघितला. गाडीत बसल्यावर पहिला फोन दिंडोरीला लावला.