आरस्नॅपशॉट : फोल्डरच्या रोजच्या प्रती

आजोळच्या मोडी कागदपत्रांचे देवनागरीत लिप्यंतर करण्याचे काम मी तीन वर्षे करीत आहे. माझ्या लिनक्स लॅपटॉपवरील तो फोल्डर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरत असे, म्हणून मी निश्चिंत होतो. एकदा एका फाइलमधील बराच मजकूर माझ्या हातून पुसला गेला आणि ते नऊ दिवसांनी लक्षात आले. डिस्कवर पाहिले, तर तिथेही तीच अपुरी फाइल होती, कारण दर रात्रीची नवी प्रत आदल्या दिवशीच्या प्रतीवर लिहिली जात होती. माझ्याजवळ दुसरी प्रत होती, पण चुकीच्या आधीची नव्हती.

त्यानंतर मी आरस्नॅपशॉट वापरू लागलो. पर्ल भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम प्रत काढण्याचे काम आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रामकडून करून घेतो आणि प्रत्येक वेळी संपूर्ण फोल्डरची वेगळी प्रत तयार करतो. जागा मात्र बदललेल्या फाइलींपुरतीच लागते, कारण न बदललेल्या फाइलींची नक्कल न होता त्यांना हार्ड लिंक जोडली जाते, म्हणजे डिस्कवरील त्याच मजकुराला आणखी एक नाव मिळते. त्यामुळे मोठ्या फाइलीत एक अक्षर बदलले तरी ती पुन्हा पूर्ण साठवली जाते, आणि जुन्या प्रतीतील फाइल तिथेच उघडून दुरुस्त केल्यास तो बदल तिच्या इतर दिवसांच्या नावांखालीही दिसू शकतो. म्हणून हवी ती फाइल आधी बाहेर काढून घ्यावी. डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; त्यांपैकी एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर हार्ड लिंक चालत नाहीत, म्हणून मी माझी डिस्क ईएक्सटी ४ पद्धतीने फॉरमॅट केली.

कॉन्फिगरेशनची, म्हणजे प्रोग्रामला सूचना देणारी फाइल लिहिताना माझी संध्याकाळ गेली ती एका टॅबपायी. या फाइलीत शब्दांमध्ये टॅबच हवा, साधी मोकळी जागा चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर प्रोग्रामची कॉन्फिगटेस्ट ही आज्ञा चालवावी. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ (/) द्यावी. बाहेरची डिस्क वापरणाऱ्यांनी ‘नो क्रिएट रूट’ हा पर्याय १ ठेवावा आणि प्रतींची जागा डिस्कवरील एखाद्या उपफोल्डरात द्यावी, म्हणजे डिस्क जोडलेली नसताना प्रती लॅपटॉपच्याच डिस्कवर साचत नाहीत. मला ही सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते.

मी ७ दैनिक, ४ साप्ताहिक आणि ६ मासिक प्रती ठेवतो. साप्ताहिक प्रत नव्याने काढली जात नाही, तर सर्वांत जुनी दैनिक प्रतच तिथे सरकवली जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात साप्ताहिक प्रतींची जागा रिकामी दिसली तरी घाबरू नये. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, मासिक काम साप्ताहिकाच्या आणि साप्ताहिक दैनिकाच्या थोडे आधी लावावे. लॅपटॉप ठरलेल्या वेळी बंद असल्यास क्रॉन ते काम नंतर करीत नाही, म्हणून रात्री साडेनऊची, माझ्या हमखास कामाची वेळ मी निवडली आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जुन्या प्रतीतून एक फाइल बाहेर काढतो आणि तिच्यातील पाने मूळ कागदांशी ताडून पाहतो. गेल्या रविवारी २३ पाने जुळली.