नऊ फरश्या

आमच्या कुत्र्याची, भुऱ्याची, उन्हाळ्यातली जागा ठरलेली होती. मधल्या खोलीत, कूलरच्या पुढे दोन हातांवर, पोट फरशीला चिकटवून आणि मागचे पाय बेडकासारखे पसरून. दर्यापूर तालुक्यात मे महिन्यात दुपारी बाहेर पाहिलं तर वावरातल्या काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, पारा 45 च्या आसपास, आणि 25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, लागला की मग तर बोलूच नका. अशा दिवसांत त्या कूलरसमोरच्या जागेवरून घरोघरी भांडणं होतात. आमच्याकडे नाही, कारण ती जागा भुऱ्याची. आजीसुद्धा आपली चटई त्याच्या बाजूनं टाकायची, वर म्हणायची, "सरक ना जरासा, बापाची इस्टेट हाय काय तुह्या."

आणि एक दिवस तो आत यायचाच बंद झाला.

म्हणजे यायचा, पण उंबरठ्यापर्यंत. तिथं आला की थांबायचा, पुढचा उजवा पाय उचलायचा आणि तसाच हवेत धरून ठेवायचा, जसं काही पुढं फरशी नाही तर तवाच आहे. कान मागं, शेपूट पायात, जिभेनं दोनदा नाक चाटायचं आणि मग एक मोठी जांभई. आम्ही म्हणायचो, पाहा, झोप आली याले. मग तो पाय हळूच मागं घ्यायचा आणि जाऊन माठाखालच्या ओल्या मातीत लोळायचा, चिखलानं भरून घ्यायचा पण आत नाही म्हणजे नाही.

आता गावात कुत्रं घाबरलं म्हटल्यावर डॉक्टर पुष्कळ. आजीचं म्हणणं, तिथं आबाजींची खाट असायची, त्याले दिसत असन काहीतरी. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्यापासून काही लांब नाही, त्या माणसानं अख्खा जन्म हातात खराटा घेऊन अंगारे-धुपारे झाडण्यात घातला आणि इकडे आमच्या घरात भुऱ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या गेल्या. ठसका आम्हाला लागला, भुऱ्या तिसऱ्या घरी पळाला. बाबांचं म्हणणं वेगळं, त्यांना वाटलं साप. हे मात्र पटण्यासारखं होतं, उन्हाळ्यात कूलरच्या ओलीला साप येतातच, आणि घोणस असली तर मग विषय संपला. सर्पमित्राला बोलावलं, त्यानं काठीनं कूलरखाली, पेटीमागं, कुटाराच्या पोत्यांत सगळीकडे पाहिलं. एक बेडूक निघाला आणि मागच्या दिवाळीत हरवलेली माझी एक चावी निघाली.

मी शिकलेला, त्यामुळे माझी थेअरी आवाजाची. माणसाला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर, तर म्हटलं कूलरच्या पंख्याचा काहीतरी किरकिर आवाज याला ऐकू येत असेल जो आपल्याला येत नाही. अर्धा दिवस घालवून पंख्याला तेल दिलं, स्क्रू कसले. कूलर गुळगुळीत चालायला लागला, सगळ्यांना बरं वाटलं, भुऱ्या सोडून.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. पट्ट्याला धरून आत ओढला. मला वाटलं एकदा आत आला, पाहिलं की काही नाही, की झालं. तो चारही पाय रोवून बसला, नखं फरशीवर करकर वाजली आणि उंबरठ्यावरच त्यानं मुतून टाकलं. सहा वर्षांचं कुत्रं, पिल्लू असताना सोडलं तर घरात कधी घाण केली नाही त्यानं. आईनं काही न बोलता फडकं आणलं, तिचं ते न बोलणं मला शिव्यांपेक्षा लागलं. त्यानंतर दोन दिवस तो ओसरीवरसुद्धा चढला नाही, मी दिसलो की लांबून जायचा. दुसरी चूक भाकरीची. खोलीच्या आत भाकरीचा तुकडा ठेवून बोलवायला लागलो, ये ये, तर त्याच्या डोक्यात असं बसलं की माझ्या हातात भाकर दिसली म्हणजे आता त्या खोलीत नेणार. भाकरीवरूनच विश्वास उडाला त्याचा. खाण्यापिण्यात कधी नखरा न करणारा हा गडी, मी ताटली घेऊन निघालो की उठून गोठ्यात जायचा.

उलगडा झाला तो रविवारी आणि तोही फुकटात. बहिणीची पोरगी सुट्टीत आलेली, आठ वर्षांची, ती खेळत खेळत कूलरजवळ गेली तर आई सैपाकघरातून ओरडली, "चप्पल घाल वं आधी, करंट मारते तो!"

मी चहा पीत होतो. कप तसाच राहिला.

हे वाक्य विदर्भात ज्याच्या घरी लोखंडी कूलर आहे त्यानं ऐकलं नाही असं होऊच शकत नाही. पाणी टाकायचं तर चप्पल घालून, बटन दाबायचं तर उलट्या हातानं, आणि ओल्या पायानं तर जवळच नाही जायचं. आमच्या कूलरजवळ त्यासाठी खास रबरी चपला ठेवलेल्या असतात, निळ्या, दोन्ही डाव्या पायाच्या, कोणत्या दोन जोडांतून उरल्या देव जाणे. तीन वर्षांपासून त्या तिथं आहेत. म्हणजे दोष काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पाहुण्यांना माहीत होतं, आठ वर्षांच्या पोरीला सांगून झालं होतं, आणि पंधरा दिवस आम्ही आबाजींचं भूत आणि घोणस शोधत होतो.

भुऱ्याला चप्पल नाही. वरून चार पाय उघडे, आणि कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीलाच, उन्हाळ्यात आमच्या फरशीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटतात ते मी कितीदा पाहिलेत. त्यात कूलरचं पाणी खाली झिरपून फरशी ओली, आणि ओलं नाक. कधीतरी त्या गार पत्र्याला नाक लावलं असेल बिचाऱ्यानं. आपल्याला चप्पल घालून जी नुसती झिणझिणी वाटते ती त्याला कशी लागली असेल कोणास ठाऊक, पण लागली त्या क्षणी त्याच्या समोर कूलर होता, खाली फरशी होती, आजूबाजूला ती खोली होती, आणि त्यानं गुन्हा अख्ख्या खोलीच्या नावावर टाकला. करंट, अर्थिंग, न्यूट्रल असल्या भानगडी त्याला कुठून माहीत.

वायरमनभाऊला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, लाल दिवा असा पेटला की जणू वाटच पाहत होता. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा असा तो पट्टा पसरलेला आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही एवढं खारट. तेच पाणी आम्ही कूलरला वापरतो. दोन उन्हाळ्यात पत्रा चाळणी होतो, कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो, आणि खाऱ्या पाण्यातून करंट साध्या पाण्यापेक्षा जास्त चांगला वाहतो हे त्यानं मला पंप दाखवत समजावलं. पंपाची वायर पत्र्याच्या धारेला घासून सोललेली. प्लग तीन पिनांचा, पण बोर्डात तिसऱ्या, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या भोकामागं वायरच नाही, भोक नुसतं शोभेला. "अर्थिंग कुठी हाय तुमची?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "असन ना कुठी." ती नव्हतीच. घर बांधलं तेव्हापासून नव्हती.

मग अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा घालून पाइप गाडला, वायर बदलली, आणि ईएलसीबी म्हणून एक डबी बसवली, जी साधारण 30 मिलिअँपिअर करंट गळाला की आपोआप लाइन पाडते. पैसे देताना बाबा म्हणाले, एवढे कुत्र्यापायी. वायरमनभाऊ म्हणाला, "काकाजी, कुत्र्यापायी नाई, तुमच्या नातीपायी म्हना." बाबा गप्प बसले.

मला वाटलं चला, झालं काम. मी भुऱ्याला मोठ्या थाटात बोलावलं. तो उंबरठ्यापर्यंत आला, पाय उचलला, जांभई दिली आणि गेला.

माझा मामेभाऊ नागपूरला पशुवैद्यकीय कॉलेजात शिकतो, त्याला फोन लावला. जांभईचं त्यानंच सांगितलं, ती झोपेची नसते, कुत्रं ताणात असलं की जांभई देते, नाक चाटते. मग म्हणाला, "करंट तुम्ही पत्र्यातून काढला बे, त्याच्या डोकशातून थोडीच काढला." आणि मग परीक्षेला बसल्यासारखं सगळं सुरू केलं. पावलॉव्हचं कुत्रं तर आपण शाळेत ऐकलेलं असतं, जेवणाच्या आधी ठरावीक आवाज करत गेलं की पुढं नुसत्या आवाजानं लाळ सुटते. गंमत म्हणजे त्या माणसाला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी. मामेभाऊ म्हणाला, तुमच्या भुऱ्याचं तेच उलट्या बाजूनं झालं, खोली दिसली की करंट आठवते. आणि हे उलटवायचं कसं त्याची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईनं 1924 मध्ये लिहून ठेवलेली, पीटर नावाचं तीनेक वर्षांचं पोरगं सशाला घाबरायचं. तिनं काय केलं, पोराला आवडीचं खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, पोरगं रडणार नाही एवढा लांब, मग दर वेळी थोडा थोडा जवळ. शेवटी ते पोरगं सशाला हात लावायला लागलं.

"आता कूलर तर तू उचलून नेशीन नाई," तो म्हणाला, "मंग भुऱ्याले सरकव. पन त्याले आत बोलावू नोको. जिथं तो निवांत बसते तिथंच खाऊ घाल, अन् जांभई दिली की समज, आज बस."

उंबरठ्यापासून कूलरपर्यंत नऊ फरश्या आहेत. दोन फुटी शहाबादी. इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

भाकरीचा भरवसा गेलेला, म्हणून उकडलेलं अंडं. आजी सैपाकघरात अंडं येऊ देत नाही, तर मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडून मी रोज एक अंडं उकडायचो आणि त्याचे वीस तुकडे करायचो. पहिले तीन दिवस ओसरीच्या कोपऱ्यावरच, जिथून खोली दिसते पण लांब आहे. कूलर बंद. मी काही बोलायचो नाही, एक तुकडा ठेवायचो आणि पेपर वाचत बसायचो. चौथ्या दिवशी उंबरठा. सहाव्या दिवशी पहिली फरशी, तीसुद्धा त्यानं फरशी म्हणून मान्य केली नसती, पण मामेभावानं सांगितल्याप्रमाणे मी जुनी सतरंजी अंथरली होती. पायाखाली वेगळं लागलं तर त्याला वाटावं की ही ती जागा नव्हे. तो असा आत आला की पुढचे दोन पाय सतरंजीवर आणि मागचे दोन उंबरठ्याबाहेर, म्हणजे पळायचं झालं तर इंजिन रिव्हर्सला लावूनच ठेवलेलं. मान लांब करून अंडं उचलायचा, आणि चावायला बाहेर जायचा. आजी म्हणाली, "असा तर नवा जवाईही जेवत नाही लाजून."

चौथ्या फरशीवर अपघात झाला. दुपारची लाइन गेलेली होती आणि कूलरचं बटन कोणीतरी चालूच ठेवलेलं. लाइन आली तसा कूलर खडाडकन सुरू झाला. भुऱ्या कुठं गेला ते कळलंच नाही, संध्याकाळी मारुतीच्या पारावर सापडला. परत ओसरीच्या कोपऱ्यापासून सुरुवात. या वेळी मला राग आला, खरं सांगतो, त्याचा नाही, एकूणच. वावरात नांगरटी राहिलेली, बियाण्याची उधारी करायची आणि मी रोज दुपारी एका कुत्र्यासमोर पेपर घेऊन अंड्याचे तुकडे ठेवत बसलेलो. गावातली पोट्टी दारातून डोकावून विचारायची, "काका, आज कितवी?"

सहावी, म्हणायचो मी.

सहावीवर कूलरचा फक्त पंप लावायचा, पाण्याची टपटप. मग पंखा, सगळ्यात कमी स्पीडवर, आणि तो सुरू करायचा भुऱ्या बाहेर असताना, म्हणजे आत येतानाच आवाज चालू आहे हे त्याला माहीत पाहिजे. आठवीवर येईपर्यंत मृग लागला. हवा दमट झाली की कूलरची मजा संपते, नुसतं चिकचिक होतं, म्हणून आम्ही तो बंद केला आणि पेरणीच्या गडबडीत अंडंही बंद झालं, सतरंजी गुंडाळली गेली. नववी फरशी राहूनच गेली.

ती त्यानं कधी ओलांडली ते कोणीच पाहिलं नाही. जुलैत एकदा पावसाची झड लागलेली, मी वावरातून भिजून आलो तर हा गडी बंद कूलरसमोर, दोन हातांवर, पोट फरशीला लावून पडलेला. गार वारा तर सोडाच, घरात सगळ्यांना थंडी वाजत होती. मी काही बोललो नाही. तसाच मागं फिरलो आणि ओसरीवर अंग पुसलं.

यंदा होळीनंतर बाबांनी कूलर काढला. पत्र्याला नवा रंग, नवं गवत, नवा पंप, वायरमनभाऊनं येऊन टेस्टर लावून दाखवला, दिवा पेटला नाही, डबीचं टेस्टचं बटन दाबून लाइन पडते हेही दाखवलं. सगळं ओके. आईनं पाण्याची बादली भरून आणली आणि कूलरपासून चार फरश्यांवर थांबली.

"टाक ना पानी," बाबा म्हणाले.

"भुऱ्या कुठी हाय?" आई म्हणाली. "तो बसू द्या आधी."

भुऱ्या बाहेर लिंबाखाली पिसवा खाजवत होता. मी हाक मारली. त्यानं पाहिलं, पाठ फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं खाजवायला लागला, आणि तो येईपर्यंत आम्ही सगळे त्या खोलीत उभे, आई तर दोन्ही डाव्या चपला घालून.