कंडोमचे ९८ टक्के नेमके कशाचे?

‘कंडोम ९८ टक्के सुरक्षित’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तो आकडा गर्भधारणेचा आहे, आणि तोही दर वेळी बिनचूक वापर केला तरचा. असं वागणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात साधारण २ जणींना दिवस जातात. कधी विसरला, कधी उशिरा चढवला, अशा रोजच्या वापरात त्या २ च्या १३ होतात. गुप्तरोगांना असा एकच आकडा लावता येत नाही, कारण प्रत्येकाची पसरायची वाट निराळी.

एचआयव्ही, परमा म्हणजे गोनोरिया, आणि क्लॅमिडिया यांची वाट मुख्यतः वीर्य आणि योनिस्रावातून जाते. ते स्राव अडले की बरंचसं काम झालं. दोघांपैकी एकाला एचआयव्ही असलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांत, नेहमी कंडोम वापरणाऱ्यांमध्ये लागण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली आहे. हर्पिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) आणि गरमी म्हणजे सिफिलिस मात्र कातडीला कातडी लागून पसरतात. अंडकोष, जांघा, योनीची बाहेरची बाजू उघडीच राहते, म्हणून इथे संरक्षण मिळतं पण अर्धवट. एचपीव्हीसाठी लस आहे, पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे. खरूज आणि जांघेतल्या उवांपुढे कंडोमचा काही उपयोग नाही. परमा घशातही होतो, त्यामुळे मुखमैथुनातही कंडोम लागतोच.

आता फाटण्याबद्दल. कारखान्यात नमुन्याच्या कंडोममध्ये ३०० मिलिलिटर पाणी भरून गळती बघतात. हवा भरून फुगवतात तेव्हा नेहमीच्या रुंदीच्या कंडोमला निदान १८ लिटर हवा पेलावी लागते. एवढं सोसणारं रबर फाटतं, ते बहुतेकदा आपल्या हातून.

आपल्याकडचा पहिला गुन्हेगार खोबरेल तेल. लेटेक्सला, म्हणजे कंडोमच्या रबराला, तेल चालत नाही. खनिज तेलाने तर मिनिटभरात त्याची बहुतेक ताकद जाते. व्हॅसलीन, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम सगळे त्याच माळेचे मणी. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित जेल घ्यावं. कोरडेपणानेही रबर फाटतं, तेव्हा जेल म्हणजे चैन नव्हे. दुसरी गोष्ट उष्णता. खिशातल्या पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबलेला किंवा विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत भाजलेला कंडोम मुदतीत असला तरी टाकून द्यावा.

वेष्टन हाताने, कडेने फाडा, दातांनी नको. लिंग ताठ झाल्यावर, कुठलाही स्पर्श होण्याआधी चढवा. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. सहज उलगडत नसेल तर तो उलटा धरला गेलाय. असा कंडोम सुलटा करून वापरू नका, कारण वीर्याआधीचा स्राव आता त्याच्या बाहेरच्या बाजूला लागलेला असतो. नवा घ्या. दोन एकावर एक घालू नका. वीर्यपतनानंतर ताठरपणा उतरायच्या आत, कड बोटांनी धरून बाहेर या. घसरून आत राहण्याचे प्रकार इथेच होतात, आणि घाई इथेच केली जाते!

तरीही फाटलाच तर घड्याळ बघा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस चालतात. सरकारी रुग्णालयात चौकशी करा किंवा १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही ७२ तासांतच, पण तिचा रोगांशी काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशीची एचआयव्ही चाचणी कालच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. साध्या अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या) चाचणीचा पक्का निकाल हवा तर ३ महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. क्लॅमिडिया आणि परमा झालेल्या पुष्कळ बायकांना काहीच जाणवत नाही. म्हणून एकाला परमा निघाला की दोघांनाही उपचार हवेत, आणि उपचारानंतर ७ दिवस संबंध बंद, कंडोम लावूनही.