ऑल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस: कुडाच्या भिंती आणि खडूची जमीन

आई-बाबांना घेऊन इंग्लंडच्या ससेक्समधलं ऑल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस बघून आलो, तिकडे जाणाऱ्यांसाठी लिहितोय. घर लहान आहे, भरभर फिरलं तर वीस मिनिटांत बघून होतं, पण प्लीज तसं करू नका. आधी बाहेर उभं राहून समोरची बाजू बघा, दोन्ही टोकांना वरचा मजला पुढे आलाय, मधला भाग आत आणि गवतानं शाकारलेलं छप्पर मात्र सगळ्यावर एकच, त्यामुळे मधली वळचण अधांतरी राहते आणि तिला वाकड्या लाकडांनी खालून तोललंय. अशा घरांना तिकडे वील्डन म्हणतात, हे 14व्या शतकातलं, पुढे कितीतरी वर्षं गावच्या पाद्रींच्या ताब्यात होतं.

मधला भाग म्हणजे हॉल, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा. पूर्वी अशा हॉलमध्ये मधोमध आग पेटायची, धुराडं नव्हतं, धूर छपरातून निघायचा म्हणून वर मजला घालताच यायचा नाही. भिंती ओकच्या सांगाड्यात काटक्या विणून माती लिंपलेल्या, बाबा बघताक्षणी म्हणाले अरे हा तर कूड! जमीन कुटलेल्या खडूची, आंबट दुधानं घट्ट केलेली, हे ऐकल्यावर आईला गावची सारवलेली ओटी आठवली आणि ती तिथून हलेचना. हॉलच्या कोपऱ्यात तुळईवर कोरलेलं ओकचं पान आहे ते नक्की शोधा, नॅशनल ट्रस्ट म्हणजे तिकडची जुन्या वास्तू जपणारी संस्था, तिचं चिन्ह त्यावरूनच आलं असं सांगतात.

हे घर पडायला आलं होतं, 1896 मध्ये ट्रस्टनं 10 पौंडांत घेतलं, त्यांनी घेतलेली ही पहिली वास्तू. त्या 10 पौंडांमुळे आज आपल्याला हे बघायला मिळतंय, मला तरी भरून आलं.

जायचं कसं: लंडन व्हिक्टोरियाहून लुईस, तिथे गाडी बदलून बर्विक. तिकीट काढताना ससेक्समधलंच बर्विक निवडा, त्याच नावाचं एक पार उत्तरेला स्कॉटलंडच्या सीमेजवळ आहे. स्टेशनपासून गाव चार-पाच किलोमीटर, बस कमी आहेत, वेळ आधी बघून ठेवा किंवा टॅक्सी सांगून ठेवा. घर रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात तर वेबसाइट बघितल्याशिवाय निघूच नका. ट्रस्टचं मेंबरशिप असेल तर कार्ड न्या. दारं बुटकी, जमीन उंचसखल, वयस्कर मंडळींचा हात धरा. शेजारचं गारगोटीच्या दगडांचं सेंट अँड्र्यूज चर्च बघा आणि मागच्या ककमिअर नदीकाठी चालायचं असेल तर चांगले बूट घाला, पावसानंतर तिथे भरपूर चिखल होतो.