बोटाएवढी गाडी आणि सत्तेचाळीस दिवस

घाईत असाल तर एवढंच वाचा आणि जा. परदेशातून जुनी डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली चिमुकली गाडी मागवणार असाल, तर पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याला सांगा, पावतीवर 'टॉय' लिहू नकोस, जे आहे ते लिही: मोठ्या माणसाच्या संग्रहासाठीचं स्केल मॉडेल. मी सांगितलं नाही. त्या तीन इंग्रजी अक्षरांपायी माझे सत्तेचाळीस दिवस गेले, पार्सलही गेलं, आणि रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली.

गाडी कुठली, तर मॅचबॉक्सच्या १ ते ७५ मालिकेतली ४१ नंबरची फोर्ड जीटी. पांढरी, मधून निळा पट्टा, वर ६ आकडा. लंडनच्या लेस्नी कंपनीनं (मॅचबॉक्स हा तिचाच ब्रँड) १९६५ मध्ये काढलेली. आमचे थोरले काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी सुट्टीला येताना ती आणली तेव्हा मी दुसरीत होतो. तिच्या काळ्या टायरांच्या मधले हब पिवळे होते. जगातल्या सगळ्या फोर्ड जीटींचे हब पिवळेच, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत. मग कळलं की काहींना लाल हब लागले होते, आणि त्या फार थोड्या आहेत. झालं. झोप गेली.

याला या छंदात व्हेरिएशन म्हणतात. साचा तोच, पण हब वेगळा, काचेची छटा वेगळी, आतल्या सीटचा रंग वेगळा. तसंच मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांची चाकं आधी धातूची, मग करड्या प्लास्टिकची, मग काळ्या. एरवी काळ्या चाकांच्या मॉडेलला करडं चाक सापडलं की आमच्यातले लोक उगाच आवाज खाली आणून बोलतात. १९६८ मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्स नावाच्या छोट्या गाड्या आल्या, सुळकन पळणाऱ्या. लेस्नीला घाम फुटला आणि १९६९ पासून त्यांनी बारीक ॲक्सलची सुपरफास्ट चाकं लावायला घेतली. त्यामुळे त्या बदलाच्या काळात एकच बॉडी दोन्ही चाकांवर मिळते. सगळ्यात गाजलेली मात्र १३ नंबरची, बीपी या तेलकंपनीच्या नावाची डॉज रेकर, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी गाडी. नेहमीची केबिन पिवळी आणि मागचा भाग हिरवा. उलटी, म्हणजे हिरवी केबिन आणि पिवळा मागचा भाग, अशी फारच दुर्मीळ. म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर. तुम्हाला कुणी उलटी रेकर स्वस्तात देत असेल तर चहा प्या आणि घरी या.

माझी पिवळ्या हबांची गाडी २०१९ च्या महापुरात बुडाली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमचं घर गावभागात, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली. खोका म्हणजे नुसता लगदा. ६ चा डिकल, म्हणजे आकड्याचा स्टिकर, जो पाण्यात भिजवूनच चिकटवायचा असतो, तो पाण्यानंच गेला. चिखल धुताना हिनं चिंचेनं घासून देऊ का विचारलं. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल जस्त खातं. कोमट पाणी, लहान मुलांचा टूथब्रश, बस. गाडी वाचली, पण आकड्याविना टकली दिसते. पुराची काळी रेघ कपाटामागच्या भिंतीवर मी रंगवू दिली नाही.

तर लाल हबांची गाडी शोधायला तीन वर्षं लागली, ती सापडली इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याकडे. शोधणं, भाव करणं, पैसे पाठवणं, सगळं सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. किती दिले ते घरातही सांगितलेलं नाही. पाठवायला मीच सुचवलेली कुरिअर कंपनी, कारण तिच्या जाहिरातीत 'दारापासून दारापर्यंत' असं होतं.

नवव्या दिवशी निरोप आला: क्लिअरन्स थांबलंय, केवायसी द्या. आधार पाठवलं. पत्ता जुळत नाही. का? तर पार्सलवर 'सांगली' आणि आधारवर 'तालुका मिरज, जिल्हा सांगली'. फोनवरची मुलगी विचारते, "सर, आप मिरज में रहते हैं या सांगली में?" आता सांगली शहर मिरज तालुक्यात येतं हे आम्हाला जन्मतः माहीत, पण दिल्लीकडच्या मुलीला तालुका म्हणजे काय हे समजावणं म्हणजे भडंग चमच्यानं खाण्यापैकी आहे, निम्मं सांडतं. शेवटी विजेचं बिल पाठवलं. चार दिवस त्यात गेले. (आधार आणि पार्सल यांवर पत्ता अक्षरशः एकच ठेवा. ही सूचना आधीच यायला हवी होती.)

चौदाव्या दिवशी खरी मेल आली. आपल्या शिपमेंटमध्ये 'विंटेज टॉय कार' आहे, तरी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) परवान्याची प्रत जोडावी.

हा नियम खरा आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर बीआयएसचा आयएसआय मार्क लागतो. नियम चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. स्वस्त खेळण्यांचा रंग पोरांच्या तोंडात जातो. आणि खरं सांगायचं तर माझ्या साठच्या दशकातल्या गाड्यांच्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून नात आली की मी कपाटाला कुलूप लावतो. पण १९६५ च्या गाडीला २०२१ चा परवाना कोण देणार? मी तसं लिहिलं. उत्तर: निर्मात्याकडून मागवा. मी लिहिलं, निर्माती कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. उत्तर: मग ब्रँडच्या सध्याच्या मालकाकडून. ब्रँड हातोहात फिरत १९९७ मध्ये मॅटेलकडे गेलाय. म्हणजे मी गावभागातून अमेरिकेतल्या मॅटेलला पत्र टाकायचं की बाबांनो, तुम्ही न बनवलेल्या गाडीचा, तुम्ही न काढलेला परवाना मला द्या.

मग मी तो आदेशच मिळवून वाचला. बँकेत तीस वर्षं परिपत्रकं वाचली, तेवढी सवय कामी आली. त्यात खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी केलेली वस्तू अशी आहे. मला मजा वाटली, कारण आता मी जिंकलोच. जन्मतारखेचा दाखला जोडला आणि लिहिलं की प्रस्तुत वस्तू एक चौसष्ट वर्षांचा माणूस काचेआड ठेवणार आहे. तीन दिवस शांतता. मग उत्तर: पावतीवर 'टॉय' आहे, सुधारित पावती पाठवा.

म्हाताऱ्यानं त्याच संध्याकाळी सुधारून दिली. भला माणूस, स्वतःहून दोन शब्द जादा लिहिले: वापरलेलं, जुनं संग्राह्य मॉडेल. त्या 'वापरलेलं' वर पुढची मेल: वस्तू सेकंडहँड आहे, सेकंडहँड मालाच्या आयातीला परवानगीपत्र लागतं, ते जोडावं.

इथं माझा तोल गेला. नवी म्हणावी तर मार्क दाखवा, जुनी म्हणावी तर परवानगी दाखवा. मी मोठ्यानं वाचून दाखवलं तर ही म्हणाली, "मग मधली म्हणा." हसू येण्याच्या पलीकडे मी गेलो होतो. रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचं, तीच ओळ: कागदपत्रांच्या प्रतीक्षेत. दिवसातून चारदा. जेवताना फोन पालथा ठेवायचा आणि मग सरळ करायचा. माझ्या फोनमध्ये त्यांचे तीन नंबर होते, तिन्हीवर एकच गाणं.

तेहतिसाव्या दिवशी एसटीनं कोल्हापूरला त्यांच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा पोरगा खरंच चांगला. पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळ्या मेली शांतपणे वाचल्या. म्हणाला, "काका, आमच्या हातात इथून काहीच नाही. फोटो तरी दाखवा कसली आहे ती." दाखवला. पोरगा बघतोय, मोठा करून बघतोय. मग अगदी कळवळून म्हणाला, "काका, अशी तर ऑनलाइन दीडशेला मिळते हो." त्याला लाल हब सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. बाहेर आलो, मिसळसुद्धा खाल्ली नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी गाडी परत इंग्लंडला. परतीचं भाडं माझ्या माथी. तिकडे पोचायला तिला पाच दिवस लागले, बघा.

राहिलेलं थोडक्यात. पुतण्या लेस्टरला शिकायला आहे. म्हाताऱ्यानं गाडी त्याच्या पत्त्यावर पाठवली आणि तो सुट्टीला आला तेव्हा बुटात मोजा, मोज्यात गाडी, अशी ती गावभागात पोचली. मी आधी पुतण्याला भेटायला हवं होतं असं वहिनी अजून ऐकवतात.

भिंग घेऊन खिडकीत बसलो. पहिलं ॲक्सलचं टोक बघायचं, रंग नंतर. कारखान्यातून आलेल्या गाडीत ॲक्सलचं टोक दाबून गोल केलेलं असतं, टाचणीच्या डोक्यासारखं, गुळगुळीत. कुणी चाकं बदलली असतील तर तिथं कानस फिरल्याचे बारीक ओरखडे दिसतात, नाहीतर सरसाचा पिवळट ठिपका. लाल हबांच्या बाबतीत हे न बघता पैसे देणं म्हणजे वेडेपणा; मी म्हाताऱ्याकडून चारही टोकांचे फोटो आधी घेतले होते, तरी पुन्हा बघितलं. चारही गोल. डाव्या मागच्या टोकावर गंजाचा एक कण, मोहरीच्या चौथाईएवढा. तो मी पुसला नाही.

आठवलं म्हणून सांगतो, हॉट व्हील्स घेताना तळाचा सन वाचून फसू नका. तो साच्याच्या हक्काचा सन असतो, गाडी बनल्याचा नाही. तळाला सत्तरच्या दशकातला सन असलेली गाडी कितीतरी नंतर बनलेली असू शकते. आणि परदेशाकडे डोळे लावण्याआधी जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे तळ उलटे करून बघा. डिंकी या इंग्लिश ब्रँडचे जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यातून 'निकी' नावानं गाड्या निघाल्या, त्या इंग्लंडातले लोक शोधत असतात. लिओ कंपनीनं भारतात बनवलेल्या हॉट व्हील्सचे रंग इतके भडक की तिकडचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. मिरजेच्या एका भंगाराच्या दुकानात पोत्यात हात घातला आणि मला लिओची एक मिळाली, रंग उडालेली, तीस रुपयांना. कागद एकही लागला नाही.

दोन्ही फोर्ड आता माळ्यावर आहेत, काचेच्या बरणीत, टकली पिवळी आणि लाल शेजारी शेजारी. भिंतीवरच्या काळ्या रेघेपासून वर मोजलं तर सव्वापाच फूट भरतं. पाऊस लागला आणि कोयनेच्या विसर्गाची बातमी आली की मी एकदा शिडी लावून बघून येतो. पुन्हा पाणी आलंच तर घरातून आधी काय उचलायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.