तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दगडांत काय ठेवलंय

"घरी गणपती बसवतेस आणि तिकडे गोऱ्यांबरोबर दगडांभोवती फेर धरतेस, हे काय नवीन खूळ?" मंडळाच्या हळदीकुंकवात विचारून झालं, आईचं व्हॉट्सॲपवर विचारून झालं, म्हणून एकदाच लिहिते.

इंग्लंडमधल्या स्विंडनहून ॲव्हबरी, म्हणजे उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ, गाडीने अर्धा तास. आमचा पेगन, म्हणजे निसर्गपूजकांचा, ग्रुप तिथे ऋतूंच्या सणांना वर्षातून आठदा जमतो, आणि हो, हे आठ सण असे एकत्र विसाव्या शतकात जुळवलेत हे मला माहितीये, ड्रुइड लोक, म्हणजे तिकडचे प्राचीन पुरोहित, दगड उभे राहिल्यावर दोनेक हजार वर्षांनी आले तेही माहितीये, तिथले कितीतरी पडलेले, गाडलेले दगड 1930 च्या दशकात अलेक्झांडर कीलर नावाच्या मार्मालेडवाल्याने परत उभे केले हेसुद्धा. ग्रुपमध्ये सगळ्यांना माहितीये, कोणी फसवत नाहीये कोणाला. सार्वजनिक गणपती तरी कुठे पुराणकाळातला आहे? (हे मी पूर्वी फार जोरात म्हणायचे.)

तर बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत पासपोर्ट माझ्या हातात नव्हता. दहाव्याला दादाने नाशिकहून व्हिडिओ कॉल लावला, गोदाकाठी पिंड ठेवलेला, कावळा शिवेना. इकडे माझ्या खिडकीबाहेर कावळेच कावळे. कॉल कट झाला तशी मी कणकेचा दिवा केला, तेलाची बाटली घेतली आणि एकटीच ॲव्हबरीजवळच्या वेस्ट केनेटच्या लाँग बॅरोवर गेले. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं, आत पाच खोल्या, किमान 36 माणसं ठेवली होती तिथे. डावीकडच्या खोलीत दगडाला टेकवून दिवा लावला, वर चार टी-लाइट, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. घरी शेजारी ऐकतील म्हणून तेवढंही जमलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ग्रुपबरोबर गेले तर एक म्हातारे स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून मेण खरवडत होते, दगडावर वीतभर काजळीचा ओघळ, खाली उंदरांनी कुरतडलेली कणीक. ते म्हणाले, मेणबत्तीच्या आचेने दगडाला तडे जातात, आणि काजळी घासावी तर दगडच झिजतो. आणि मी काय म्हणाले माहितीये? "लोकांना अक्कलच नाही." त्यांनी मान डोलावली. मी त्यांची बादली धरून उभी राहिले, अर्धा तास, पण माझा दिवा होता हे काही तोंडातून निघालं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी, की त्या 36 जणांसाठी कोणीतरी आत उजेड नेलाच असेल ना. नेला असेल. पण ती त्यांची माणसं होती, माझा बाप तिथला कोण? आणि मग वाटतं, रडू आलं ते तिथेच आलं, नाशिकच्या कॉलवर नाही, त्याचं काय करू?

ग्रुप सोडलेला नाही. दिवा आता बॅटरीचा नेते, नकली वाटतो, नेते तरी. आणि दर वेळी त्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मारून बघते. ओघळ फिका झालाय, पण आहे.