ग्रंथपाल दिन, नेरुळ

आज १२ ऑगस्ट, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती. लेकीच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत त्यानिमित्त प्रदर्शन होतं. ई-जर्नल्सच्या फलकांवरून नुसती नजर फिरवली. (एसी मात्र झकास.) पाय अडला तो जुन्या कार्ड कॅटलॉगच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या, लाकडी कपाटापाशी. प्रत्येक कार्डाला खाली भोक, त्यातून ओवलेली सळई, म्हणजे कुणी कार्ड पळवायला नको! कोपऱ्यात शाईने ८९१.४६. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्याचा हा क्रमांक.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक; १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनच्या दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडताना पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धत सुचली. खेळण्याच्या दुकानात असं काही सुचायला डोकंही तसंच लागतं!

लेकीने तोवर मोबाइलवर हवं ते पुस्तक शोधलं. निघालं, पण कुणीतरी आधीच नेलेलं.